आपत्कालीन साहित्य घरात कुठे ठेवावे? बेंगळुरूतील कुटुंबांसाठी माहिती

आपत्कालीन पिशवीत काय भरावे, याच्या याद्या सहज मिळतात. ती पिशवी घरात कुठे ठेवावी, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. जागा चुकली तर सगळे साहित्य असूनही ऐनवेळी हाती लागत नाही. तुमच्या घरातील योग्य जागा कशी निवडावी, ते येथे समजून घ्या.

बेंगळुरूत धोका कोणता?

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, तरीही सखल भागांतील घरांत पाणी शिरते. एका तलावाचे पाणी दुसऱ्या तलावाकडे नेणारे मोठे नाले, म्हणजे राजकालुवे, अनेक ठिकाणी अतिक्रमणामुळे अरुंद झाले आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूर, यमलूर आणि सर्जापूर रोड परिसरात लोकांना बोटी व ट्रॅक्टरमधून बाहेर काढावे लागले. त्याच पावसात मंड्या जिल्ह्यातील टी. के. हळ्ळी येथील पाणी उपसा केंद्रातही पाणी शिरले आणि शहराचा कावेरीचा पुरवठा विस्कळीत झाला. म्हणजे दारात पाणी आणि नळ कोरडा, अशी अवस्था झाली.

म्हणून साहित्याचे दोन भाग करा: घर सोडताना उचलायची पिशवी आणि घरातच अडकल्यास लागणारा साठा. दोन्हींची जागा वेगळी असते.

उचलायची पिशवी: तीन प्रश्न विचारा

१. घरात गुडघाभर पाणी आले तरी ही जागा कोरडी राहील का?
२. वीज गेल्यावर, अंधारात, घरातील ज्येष्ठ व्यक्तीचा आणि शाळकरी मुलाचा हात तेथे पोहोचेल का?
३. ही जागा बाहेर पडण्याच्या वाटेवर आहे का?

तिन्ही उत्तरे ‘हो’ आली तर जागा योग्य आहे. बहुतेक घरांत मुख्य दाराजवळची, छातीच्या उंचीवरची भक्कम खुंटी किंवा उघडी फळी यासाठी पुरते. कुलूपबंद कपाट नको. पिशवीत टॉर्च, औषधे, पॉवर बँक, शिट्टी, थोडी रोकड आणि कागदपत्रे ठेवा. वजन एका व्यक्तीला उचलता येईल इतकेच असावे.

पाणी आणि कोरडे अन्न

पिण्यासाठी व किमान वापरासाठी प्रत्येकी रोज ३ लिटर धरले, तर चौघांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी ३६ लिटर पाणी लागते. घरोघरी येणारे २० लिटरचे दोन कॅन एवढ्याला पुरतात. पण भरलेला कॅन सुमारे २० किलोचा असतो. पाणी चढू लागल्यावर तो उचलणे अवघड जाते. म्हणून निम्मे पाणी २ किंवा ५ लिटरच्या बाटल्यांत भरून स्वयंपाकघरातील ओट्यावर किंवा भक्कम फळीवर ठेवा. ऊन, फिनेल आणि कीटकनाशके यांपासून ते दूर असावे. शिजवावे न लागणारे पदार्थ, उदाहरणार्थ चुरमुरे, फुटाणे, बिस्किटे, घट्ट झाकणाच्या डब्यात त्याच जागी ठेवा.

या जागा टाळा

• तळघर आणि खालचे पार्किंग: पाणी सर्वात आधी येथेच साचते. मे २०२५ मध्ये बीटीएम लेआउट परिसरात तळघरातील पाणी पंपाने काढताना विजेचा धक्का बसून दोघांचा मृत्यू झाला; त्यांत एक १२ वर्षांचा मुलगा होता. साहित्य आणण्यासाठी पाणी भरलेल्या तळघरात कधीही उतरू नका.
• जिन्याखाली मीटर किंवा इन्व्हर्टरजवळ: ओलाव्यात विजेचा धोका असतो.
• पोटमाळा: जागा कोरडी राहते, पण अंधारात शिडी लावणे धोक्याचे आहे. येथे फक्त जादा पांघरुणे ठेवा.
• संपवर अवलंबून राहणे: पुराचे पाणी संपमध्ये शिरले तर ते पाणी पिऊ नका. संप स्वच्छ करून घेतल्याशिवाय वापरू नका.

तुमचा मजला कोणता?

तळमजल्यावर राहत असाल तर लवकर बाहेर पडावे लागू शकते. पिशवीला प्राधान्य द्या आणि वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर लिफ्ट आणि पाण्याचा पंप बंद पडू शकतो. पाण्याचा साठा थोडा जास्त ठेवा.

कागदपत्रे

पुरात नुकसान झाल्यास सरकारी मदत पाहणीनंतर आणि ठरलेल्या निकषांनुसार मिळते. त्या वेळी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा व बँक खात्याचा तपशील लागू शकतो. आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक यांच्या प्रती आणि भाडेकरू असल्यास भाडेकरारही जाड प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. शक्य ती कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये घ्या. त्यात जारी झालेली कागदपत्रे मूळ कागदपत्रांप्रमाणेच ग्राह्य असतात.

आजच करून पाहा

रात्री दिवे बंद करा आणि घरातील प्रत्येकाला पिशवी घेऊन दारापर्यंत यायला सांगा. एकालाही ती सापडली नाही, तर जागा बदला. दर सहा महिन्यांनी, शक्यतो मे महिन्यातील वळवाच्या पावसाआधी, पाणी, औषधांची मुदत आणि टॉर्चचे सेल तपासा.

हे क्रमांक पिशवीवर लिहून ठेवा

आपत्कालीन मदत: ११२
महापालिका मदतवाहिनी: १५३३
वीज (बेस्कॉम): १९१२
पाणी व सांडपाणी मंडळ: १९१६