घाटात चेंबर फुटला? आधी इंजिन बंद करा!

पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही. खालून दगड लागतो आणि इंजिनखालचा ऑइल चेंबर फुटतो. तोरंगण घाटात असे घडले तर काय करावे?

लगेच काय करावे?
डॅशबोर्डवर किटलीच्या आकाराचा लाल दिवा लागला, की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. ‘गॅरेजपर्यंत जाऊ’ म्हणत गाडी रेटू नका. तेलाचा दाब नसेल तर बेअरिंग घासून इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकते. गाडी टो करूनच न्या.

गळती कुठून?
तेल पुसून पाहा. कधी फक्त ड्रेन बोल्टचा वॉशर खराब असतो. ॲल्युमिनियमच्या चेंबरला तडा जातो, पत्र्याचा आत दबतो. दबलेला पत्रा तेल ओढणाऱ्या जाळीला टेकला, तर गळती नसतानाही तेल अडते. तेलकट जागेवर एम-सील नीट धरत नाही. तो कायमचा इलाज नव्हे.

चेंबर बदलताना काय पाहावे?
- जुने गॅस्केट व सिलिकॉन पूर्ण खरवडून जागा कोरडी केली का?
- नवे सिलिकॉन सलग, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने लावले का? जास्त लावल्यास तुकडे जाळीत अडकतात.
- बोल्ट मधून बाहेर, समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळले का?
- ट्यूबवर लिहिलेला वेळ सिलिकॉन वाळू दिले का?

मगच नवे तेल भरा. इंजिन थोडा वेळ चालवून खाली पुन्हा तपासा. काढलेले तेल ओढ्यात ओतू नका.