वेबसाइटचे चाचणी गाळप, तेही फुकटात!

श्रीपूर-अकलूज भागातून होस्टेलवर आलेल्यांना साखर कारखान्याचा बॉयलर काही नवा नाही. तपासणीच्या वेळी त्यात पाणी भरून नेहमीपेक्षा जास्त दाब देतात. गळती असेल तर ती तेव्हाच दिसावी, ऐन हंगामात नको! वेबसाइटच्या बाबतीत याच कामाला ‘लोड टेस्टिंग’ म्हणतात.

गरज काय?
१६ जुलै २०२१ ला दहावीचा निकाल लागला आणि त्या गर्दीत निकालाची वेबसाइट कित्येक तास ठप्प झाली. २०२५ मध्ये अकरावीचा ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर लागू झाला, म्हणजे श्रीपूरच्या मुलालाही तोच फॉर्म. २१ मेला, पहिल्याच दिवशी पोर्टल बंद पडले. नोंदणी पुन्हा सुरू झाली ती २६ मेला. घरी कॉम्प्युटर नाही म्हणून रोजगार बुडवून वडील मुलाला सायबर कॅफेत घेऊन येतात, त्यांची खेप वाया जाते. नुकसान होते ते असे.

हे चालते कसे?
सॉफ्टवेअर खोटे वापरकर्ते तयार करते. ते खऱ्यासारखेच लॉगिन करतात, फॉर्म भरतात. यासाठी अपाचेचे ‘जेमीटर’ पूर्वीपासून मोफत आहे. पण लॅबमधल्या एका पीसीवरून मोठी गर्दी उभी करायला गेलो, तर आधी तो पीसी किंवा आपले नेटच दमते! म्हणून क्लाउड सेवा आल्या. मशीन त्यांची, आपण फक्त स्क्रिप्ट द्यायची. ‘ब्लेझमीटर’सारख्या सेवांनी मोफत योजनाही आणल्या. त्यात वापरकर्ते आणि वेळ मोजकाच मिळतो. पुढे तुम्ही पैसे भरून मोठी योजना घ्यावी, हा त्यांचा हिशेब.

५० जणांत काय होणार?
समजा, मोफत योजनेत ५० वापरकर्ते मिळाले. गॅदरिंगच्या नोंदणीला तासाभरात ६०० जण सारख्या अंतराने आले आणि प्रत्येकाला ५ मिनिटे लागली, तर मिनिटाला १० जण, गुणिले ५, म्हणजे एका वेळी साइटवर फक्त ५०. चाचणी पुरली की! पण तेच ६०० जण ‘लिंक सुरू झाली रे’ म्हणत एकदम तुटून पडले, तर मात्र ६०० चा भार. म्हणून आधी गणित करा. शक्य असेल तर वर्गवार वेळा द्या.

निकाल कसा वाचायचा?
सरासरीवर भुलू नका. ९५ जणांना १ सेकंद आणि ५ जणांना ४० सेकंद लागले, तरी सरासरी ३ सेकंदांच्या आतच येते. ते पाच जण कुठे अडकले, हे शोधायचे. एरर किती आल्या तेही बघा. वापरकर्ते हळूहळू वाढवा, म्हणजे नेमके कुठे दम लागतो ते कळते.

एक ताकीद
चाचणी फक्त स्वतःच्या साइटवर, तीही सर आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांची परवानगी घेऊनच. दुसऱ्याची साइट गंमत म्हणून पाडणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरू शकतो.

तेव्हा पुढच्या वेळी कॉलेजचा कुठलाही फॉर्म सुरू करण्याआधी एक संध्याकाळ या चाचणीला द्या. पैसे लागत नाहीत, आणि गावाकडून मोबाइलवर फॉर्म भरणाऱ्या मित्राची फरफट वाचते.