गोल मास्क कापताना

दुसऱ्या महायुद्धात १९४२पासून स्पिटफायर विमानाच्या दोन्ही बाजूंना रंगवलेलं वर्तुळचिन्ह ३६ इंच व्यासाचं असे. १:७२ प्रमाणाच्या प्रतिकृतीवर ते जेमतेम १२.७ मिलिमीटर भरतं. एवढ्या मापाला पातं लावलेला कंपास चालतो. मात्र पातं कोरं हवं, आणि जोर न लावता हलक्या हाताने तीन-चार फेरे द्यावेत. मध्यभागी टोकाने पडलेलं भोक टेपच्या तुकड्याने झाकायचं, नाहीतर तिथे रंगाचा ठिपका उमटतो. याहून लहान गोलांना पंच आणि डायचा संच सर्वांत भरवशाचा: कड स्वच्छ, भोकाचा प्रश्नच नाही. टेप जपानी वाशी कागदाची घ्यावी. चिकटवल्यावर कड नीट दाबून आधी खालच्याच रंगाचा पातळ हात मारला, की वरचा रंग आत झिरपत नाही.