समुद्राच्या तळाशी एक फडताळ

घरात एखादी बशी फुटली, की आपल्याला दिवसभर चुटपुट लागते. मग दीडशेहून अधिक वर्षं समुद्राच्या तळाशी राहूनही न फुटलेल्या बशांना काय म्हणावं, सांगा बरं!

या बशा ‘एरेबस’ नावाच्या इंग्रज जहाजातल्या. मे १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं घेऊन कॅनडाच्या उत्तरेकडून पॅसिफिककडे जाणारी वाट शोधायला निघाले. दोन्ही जहाजं बर्फात अडकली. १२९ माणसांपैकी एकही घरी परतला नाही.

फ्रँकलिनांच्या पत्नी लेडी जेन काही स्वस्थ बसल्या नाहीत. सरकारमागे त्यांनी तगादा लावला. सरकारने हात आखडता घेतला, तेव्हा १८५७ साली स्वतः ‘फॉक्स’ हे जहाज विकत घेऊन शोधाला धाडलं. १८५९ मध्ये त्यावरच्या माणसांना दगडांच्या राशीत एक चिठ्ठी मिळाली. फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजीच वारले होते! बुडालेली जहाजं मात्र सापडली नाहीत.

तिथले रहिवासी इन्युइट लोक मात्र एक जहाज दक्षिणेकडे बुडाल्याचं तेव्हापासून सांगत होते. आजी-आजोबांकडून नातवंडांकडे ही हकिगत चालत आली. अखेर सप्टेंबर २०१४ मध्ये त्याच भागात, अवघ्या ११ मीटर खोलीवर, ‘एरेबस’ सापडलं.

पण अशा पाण्यात बुडी मारायची कशी? पाणी गोठण्याच्या बेताचं! नुसती हवेची टाकी पाठीला बांधून उतरलं, तर थोड्याच वेळात बोटं बधिर होतात. म्हणून वरच्या तराफ्यावरून नळीने पाणबुड्यांना हवा पुरवतात आणि दुसऱ्या नळीने त्यांच्या पोशाखात चक्क ऊन पाणी सोडतात! मग तासन्‌तास हलक्या हाताने गाळ बाजूला करायचा. अधिकाऱ्यांचं ताटवाटी बघणाऱ्या नोकराच्या कोठीतून अखंड बशा, मोठी ताटं आणि वहीचं एक चामडी पुठ्ठं वर आलं. पुठ्ठ्यात पिसाची लेखणी तशीच खोचलेली! या वस्तूंवर आता कॅनडाबरोबर इन्युइट लोकांचाही हक्क आहे.

काम मात्र घाईचं आहे. उन्हाळ्याअखेरचे थोडेच आठवडे समुद्र मोकळा असतो आणि उथळ पाण्यात लाटांचा मार जहाजाला थेट बसतो. २०१८ साली पाणबुडे परत गेले, तेव्हा वरच्या डेकचा एक भाग उलटून पडला होता. लेडी जेन १८७५ साली गेल्या. त्यांना जहाज दिसलं नाही. निदान त्यातलं सामान तरी लाटांच्या आधी हाती लागो!