शेताची वाट अडली असतां

मुरबाडाहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावडें हें गांव आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांस भाताचीं खांचरें एकाखालीं एक उतरत गेलेलीं दिसतात. घाटाचा मोठा रस्ता सर्वांचा, त्यामुळें त्याजविषयीं शेजाऱ्या-शेजाऱ्यांत तंटा होण्याचें कारण नाहीं. तंटा होतो तो त्या रस्त्यापासून आंत शेताकडे जाणाऱ्या अरुंद वाटेविषयीं. ही वाट बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी बांधावरून जाते. आजोबांच्या काळापासून तिनें बैलगाडी जात आली, आतां ट्रॅक्टर जातो. कागदावर तिचा उल्लेख असतोच असें नाहीं. मग एखाद्या वर्षीं भाऊबंदकी उपटते, नाहीं तर जमीन नव्या मालकाच्या हातीं जाते, आणि ऐन कापणीच्या दिवसांत वाटेवर करवंदीच्या काट्या पडलेल्या दिसतात. भात कापून पडलेलें, आभाळ भरून आलेलें, आणि भारे खळ्यावर न्यावयास वाट नाहीं! ज्या घरावर हा प्रसंग आला असेल त्यास त्याचें वर्णन करून सांगावयास नको.

अशा वेळीं "तुला कोर्टांत खेचतों" हे शब्द दोन्ही बाजूंनीं निघतात. परंतु कोणतें कोर्ट, तेथें काय विचारतात, आणि अशा तंट्याचा निकाल कसा लागतो, हें बोलणाऱ्यासहि पुष्कळदां ठाऊक नसतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं तें समजून घ्यावें व घरीं वडील माणसांस वाचून दाखवावें, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

शेताच्या वाटेवरील अडथळा दूर करण्याचें जवळचें कोर्ट म्हणजे तालुक्याची तहसील कचेरी. मुंबई इलाख्यांत १९०६ सालीं 'मामलतदार कोर्ट ॲक्ट' हा कायदा झाला. त्यापूर्वीं १८७६ चा तशाच नांवाचा कायदा होता. पुढें इलाखा जाऊन महाराष्ट्र राज्य झालें, मामलतदारांस तहसीलदार म्हणूं लागले, पण हा कायदा अद्याप चालू आहे. मुरबाड किंवा शहापूर येथील तहसीलदार या कायद्याखालीं दावा ऐकावयास बसतात तेव्हां ते सारा वसूल करणारे अधिकारी नसून न्यायाधीश असतात. दिवाणी दाव्याचा निकाल लागेपर्यंत वर्षें जातात आणि पीक तर आठ दिवसहि थांबत नाहीं, ही अडचण ओळखून हें लहान कोर्ट निर्माण केलेलें आहे.

या कायद्याचें पांचवें कलम मुख्य होय. शेतीच्या जमिनीकडे जाणारा रस्ता किंवा वहिवाटीची वाट कोणी कायदेशीर मार्गानें न जातां बंद केली, तर ती पुन्हां खुली करून देण्याचा अधिकार या कलमानें तहसीलदारांस मिळतो. अडथळा अजून झाला नसून कोणी हरकत घेऊं लागला असेल, तर मनाई हुकूमहि देतां येतो. पाण्याविषयींहि हेंच कलम आहे. आमच्याकडील खांचरांत वरचें पावसाचें पाणी खालच्या शेतांत उतरत जातें. तें कोणी बांध घालून अडविलें व त्यानें शेजाऱ्याच्या जमिनीचें किंवा पिकाचें नुकसान झालें अथवा होण्याचा संभव असला, तर तो बांध काढविण्याचा अधिकारहि तहसीलदारांस आहे.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुदतीची. वाट अडल्यापासून सहा महिन्यांच्या आंत दावा दाखल झाला पाहिजे. त्यानंतर हें कोर्ट तो ऐकूं शकत नाहीं. आणि हे सहा महिने अडथळा प्रथम झाला त्या दिवसापासून मोजतात. आमच्या लोकांची रीत अशी कीं, आधीं चार शब्द बोलून पाहावयाचे, मग पाहुण्यांस मध्यें घालावयाचें, मग शिमगा होऊं द्यावयाचा, मग लग्नसराई आटपूं द्यावयाची! ही रीत वाईट नाहीं. शेजाऱ्यावर धांवत जाऊन दावा लावणारा मनुष्य आम्हांसहि आवडत नाहीं. परंतु कार्तिकांत पडलेल्या काट्यांची तक्रार ज्येष्ठांत, पेरणीची गाडी अडल्यावर, कचेरींत आणली, तर मुदत निघून गेलेली असते, आणि समोरचा मनुष्य तेवढेंच उत्तर देऊन मोकळा होतो. म्हणून बोलणीं चालू ठेवावीं, पण काट्या ज्या दिवशीं दिसल्या तो दिवस घरांतील शिकलेल्या मुलानें वहींत लिहून ठेवावा.

दाव्याच्या कागदांत दोन्ही पक्षांचीं नांवें, वाट कोठून कोठें जाते, अडथळा कसला, तो कोणत्या दिवशीं झाला, आणि साक्षीदार कोण, एवढें यावें लागतें. एखाद्या गरीब शेतकऱ्यानें नुसता साधा अर्ज आणून दिला, तरी तो फेंकून द्यावयाचा नसतो. या कायद्यानें कोणती दाद मिळते तें अर्जदारास समजावून सांगावें, त्याला ती हवी आहे काय असें विचारावें, आणि तो हो म्हणाल्यास राहिलेली माहिती त्याच्या तोंडून घेऊन तोच अर्ज दावा समजावा, असें कायद्यांतच सांगितलें आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वींच्या कायद्यांत अक्षरशत्रु मनुष्याची ही काळजी घेतलेली पाहून आम्हांस समाधान वाटलें.

पुढें दुसऱ्या पक्षास नोटीस जाते, दोघांचें म्हणणें घेतात, साक्षी होतात. पण असल्या दाव्यांतील खरी परीक्षा शेतावर होते. तहसीलदार स्वतः, किंवा त्यांचे मंडल अधिकारी व गांवचा महसूल पाहणारा अधिकारी (लोक ज्यास अजून तलाठी म्हणतात तो), जागेवर येऊन पंचनामा करतात. चाकोरीच्या खुणा, बांधाला पाडलेलें खिंडार, जुना गांवनकाशा आणि लगतच्या शेतकऱ्यांचे जबाब यांवरून वाट वापरांत होती कीं नव्हती हें दिसून येतें. जागेवर गांवचीं चार माणसें जमलेलीं असतात. आजवर न बोललेले वृद्ध तेथें बोलतात. अशा वेळीं "बांधाच्या कडेनें जा, पण खांचर तुडवूं नको" अशी तडजोड निघाली तर ती लिहून घेऊन दोघांच्या सह्या घ्याव्या. आमच्या मतें हा निकाल सर्वांत चांगला, कारण पुढल्या वर्षीं कापणीला पुन्हां त्याच दोघांस समोरासमोर यावयाचें असतें.

तडजोड झाली नाहीं तर तहसीलदार निकाल देतात. तेथें प्रश्न मालकीचा नसतो. दाव्यापूर्वींच्या सहा महिन्यांत अर्जदार ती वाट वापरीत होता काय, आणि ती त्याजकडून बेकायदेशीरपणें हिरावली गेली काय, एवढेंच पाहावयाचें असतें. पुष्कळ लोक खरेदीखतांचें गांठोडें घेऊन येतात व "जमीन माझी आहे" असें म्हणत राहतात; तें खरें असलें तरी त्या प्रश्नाचें तें उत्तर नव्हे. अडथळा काढविणें फार जाचक किंवा अन्यायाचें होईल, अथवा प्रश्न दिवाणी कोर्टांत जाण्यासारखा आहे, असें वाटल्यास कारणें लिहून दाद नाकारण्याची मोकळीकहि तहसीलदारांस आहे.

या निकालावर अपील नाहीं. जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणीचा अर्ज करतां येतो. वाटेचा कायमचा हक्क ठरवून घ्यावयाचा असेल त्यानें दिवाणी कोर्टांत जावें. तेथें १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणें वीस वर्षें उघडपणें, शांतपणें व अखंड हक्कानें केलेली वहिवाट सिद्ध करावी लागते. तेथला हुकूमनामा होईपर्यंत तहसीलदारांचा हुकूम चालू राहतो. ज्यास पूर्वींची वाटच नाहीं त्याचा मार्ग निराळा: त्यानें महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या १४३ व्या कलमाखालीं शेजारच्या गटांच्या हद्दीवरून वाट मागावी. २०२५ च्या मे महिन्यांत राज्य सरकारनें शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यांत करण्याचा निर्णय काढला. ज्यांस वाट मिळाली आहे त्यांनीं ती नोंद झाली कीं नाहीं हें पाहावें.

येथवर हा तंटा दोन शेजाऱ्यांचा आहे, व दोघांनीं मनांत आणल्यास तो मिटतो. परंतु हुकूम झाल्यावर काट्या काढावयास आलेल्या अधिकाऱ्यास कोणी आडवा गेला, म्हणजे प्रकरण फौजदारी होतें. यालाच लोक 'सरकारी कामांत अडथळा' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून इंडियन पीनल कोडाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्या २२१ व्या कलमानें सरकारी नोकरास कामांत जाणूनबुजून अडथळा करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा २५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. अंगावर हात टाकला किंवा बळ वापरलें तर कलम १३२ लागतें, आणि कैद दोन वर्षांपर्यंत जाते.

२२१ व्या कलमाचा खटला शेजाऱ्याच्या तक्रारीवरून चालत नाहीं. ज्याच्या कामांत अडथळा झाला त्या अधिकाऱ्यानें, किंवा त्याच्या वरिष्ठानें, कोर्टाकडे लेखी फिर्याद द्यावी लागते. मग आरोपीस मॅजिस्ट्रेटासमोर उभें राहून गुन्हा कबूल आहे कीं नाहीं हें सांगावें लागतें. कबूल असेल तर शिक्षा, नसेल तर साक्षीपुरावा. नुसतें तोंडानें हुज्जत घालणें आणि खरोखर अडथळा करणें यांतील भेद येथें कसोशीनें पाहिला जातो. मात्र हा गुन्हा आपसांत मिटविण्यासारखा नाहीं. शेजाऱ्यानें क्षमा केली, फार काय त्या अधिकाऱ्यानें क्षमा केली, तरी तेवढ्यानें खटला संपत नाहीं. पूर्वीं कधीं शिक्षा न झालेला मनुष्य असला, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखालीं कोर्ट त्यास ताकीद देऊन सोडूं शकतें. तसा सुटून तो घरीं आला तरी वाट खुली करण्याचा तहसीलदारांचा हुकूम कायमच असतो, आणि काट्या त्यास काढाव्याच लागतात.