पडद्यावरच्या गाड्या (भाग ६) : सेकंडहँडचा मान

मागच्या लेखात जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन पाहिली. आज वळू तिच्या अगदी उलट टोकाच्या गाड्यांकडे. काही रंग विटलेल्या, काही पोचे आलेल्या, काही कुणालाच नकोशा झालेल्या. पैसे वाचवायचे म्हणून पडद्यावर जुनी गाडी आणतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. जुन्या गाडीला भूतकाळ असतो आणि तो कथेला आयता मिळतो.

याचं सर्वांत देखणं उदाहरण म्हणजे लेफ्टनंट कोलंबोची प्यूजो ४०३. लॉस एंजेलिस पोलिसांतल्या या अधिकाऱ्याची मालिका एनबीसीवर १९७१ मध्ये नियमित सुरू झाली. कोलंबो साकारणाऱ्या पीटर फॉक यांनी सांगितलेली हकिकत अशी : गाडी निवडायला ते युनिव्हर्सल स्टुडिओच्या गॅरेजमध्ये गेले. तिथल्या गाड्यांपैकी एकही मनास येईना. तेवढ्यात मागच्या बाजूला एका गाडीचं नुसतं नाक बाहेर आलेलं दिसलं. रंग उडालेला, टायर बसलेला. फॉक यांनी तीच पसंत केली.

४०३ ही फ्रान्समधली साधीसुधी कुटुंबाची गाडी. तिचं उघड्या टपाचं मॉडेल मात्र १९५६ ते १९६१ एवढाच काळ निघालं आणि अशा गाड्या जेमतेम दोन हजार बनल्या. म्हणजे खटारा दिसणारी ही गाडी मुळात दुर्मीळ. कोलंबोला तिचा अभिमान आहे. ती बदला, असा सल्ला ऐकूनही तो ती सोडत नाही.

या मालिकेत खून कुणी केला हे प्रेक्षकाला बहुधा सुरुवातीलाच कळतं. उत्सुकता असते ती कोलंबो त्याला कसा पकडतो याची. खुनी बहुतेक वेळा धनाढ्य, प्रतिष्ठित. त्याच्या आलिशान बंगल्याच्या फाटकातून ही प्यूजो खडखडत आत येते. खुन्याची नजर आधी गाडीवर जाते, मग चुरगळलेल्या रेनकोटवर, आणि तो निर्धास्त होतो. या माणसाकडून आपल्याला काय धोका? तिथंच तो फसतो. एकही संवाद न बोलता गाडीनं सापळा लावलेला असतो. नवी गाडी दिली असती, तर हे काम लेखकाला चार वाक्यं खर्चून करावं लागलं असतं.

‘घोस्टबस्टर्स’ (१९८४) मध्ये जुनी गाडी हसवते. रे हा पडेल ती जबाबदारी अंगावर घेणारा भाबडा शास्त्रज्ञ १९५९ ची कॅडिलॅक घेऊन येतो. मिलर-मीटिओर कंपनीनं बांधलेली ही गाडी रुग्णवाहिका किंवा शववाहिका म्हणून वापरायच्या जातीची. गाडी मिळाल्याच्या आनंदात तो दुरुस्त्या मोजू लागतो : सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग बॉक्स, ट्रान्समिशन. किंमत विचारल्यावर ‘फक्त ४,८०० डॉलर’ म्हणतो आणि राहिलेली यादी पुढे चालू करतो. सेकंडहँड गाडी घेतलेल्या कुठल्याही घराला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. नोकरी गेलेली, रेचं घर गहाण पडलेलं, तरी भुतं पकडायच्या धंद्यावर विश्वास दांडगा, हे सगळं त्या एका खरेदीत येतं.

तिसरी गाडी जुनी आहे हे बहुतेकांना माहीतच नसतं. ती म्हणजे ‘बॅटमॅन’ मालिकेतली बॅटमोबाइल. फोर्डनं १९५५ मध्ये लिंकन फ्युचरा ही प्रदर्शनाची गाडी इटलीत तुरीनच्या गिया कारखान्यात हातानं घडवून घेतली. खर्च त्या काळी सुमारे अडीच लाख डॉलर. मागे उंच पंख, डोक्यावर दोन पारदर्शक घुमट. ती बाजारात कधीच आली नाही. १९५९ च्या एका चित्रपटात लाल रंगात दिसली आणि मग विस्मरणात गेली. पुढे जॉर्ज बॅरिस या कारागिरानं ती नाममात्र एका डॉलरला घेतली. मालिकेचं काम आलं तेव्हा हाताशी तीनेक आठवडे होते. एवढ्यात नवी गाडी घडवणं अशक्यच. पण फ्युचराला पंख आधीच होते. बॅरिस यांनी त्यांना वटवाघळाची कड दिली, नाकाचा मुखवटा केला, अंगाला काळा रंग दिला. जानेवारी १९६६ मध्ये मालिका सुरू झाली आणि ही गाडी घराघरांत पोचली. २०१३ च्या लिलावात तिला शुल्कासह ४६ लाख डॉलरहून अधिक किंमत आली.

तीन गाड्या, तीन कामं. एकीनं खुन्याला गाफील केलं, दुसरीनं माणसांची ओढाताण दाखवली, तिसरीनं वेळ वाचवला. गाडी निवडणं म्हणजे पात्र निवडणं आहे, आणि नटाइतकाच विचार त्यामागे हवा.

पुढच्या आठवड्यात ऋत्विक घटक यांच्या ‘अजांत्रिक’ (१९५८) या बंगाली चित्रपटाकडे जाऊ. टॅक्सीचालक बिमल आणि त्याची मोडकळीला आलेली शेवरले ‘जगद्दल’ यांची ती गोष्ट. जमल्यास चित्रपट आधी पाहून ठेवा.