कांद्याच्या मुलखातली बोली

नाशिकचं साहित्य म्हटलं की आधी कुसुमाग्रज, आणि ते रास्तच आहे. पण गेल्या पन्नास वर्षांकडे मागे वळून पाहताना माझं लक्ष शहराबाहेर, निफाड-बागलाणकडे जातं.

१९७१ साली आनंद यादवांची 'गोतावळा' आणि रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' आली. तोवर खेडूत पात्रं बोलीत बोलत, लेखक मात्र प्रमाण मराठीत. बोली बरेचदा हशा पिकवण्यापुरती. या दोघांनी अख्खी कादंबरीच बोलीत सांगितली. एक कागलकडची, दुसरी मराठवाड्यातली.

नाशिककरांच्या वाट्याला वेगळा विषय आला, शेतमालाचा भाव. नोव्हेंबर १९८० मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ऊस-कांद्याच्या दरासाठी इथले रस्ते आणि रेल्वे अडवली. खेरवाडीच्या गोळीबारात दोन शेतकरी गेले. ज्या जिल्ह्याने हे पाहिलं, तिथल्या शेतकऱ्याला नुसतं हिरवं रान लिहून भागणार नव्हतं.

लासलगावचे प्रकाश होळकर शेतकरी कवी. त्यांच्या संग्रहाचं नाव 'कोरडे नक्षत्र'. ज्याची पेरणी मृगावर अडलेली असते, त्याला या दोन शब्दांतच अख्खं वर्ष दिसतं. २००८ च्या 'टिंग्या' चित्रपटाची गाणीही त्यांचीच. जायबंदी बैल खाटकाला द्यायची पाळी आलेलं कर्जबाजारी घर आणि बैलासाठी हटून बसलेलं पोर, या गोष्टीला शेतातूनच आलेला गीतकार हवा होता.

लासलगावच्या कांदा लिलावात उभं राहिलं की बोलीचं खरं बळ कळतं. व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन दाबून पाहतो. लाल की उन्हाळ, चाळीत किती दिवस होता, गोल्टी म्हणजे बारीक कांदा किती. एकेका शब्दासरशी क्विंटलचा दर हलतो आणि मालक समोर गप उभा असतो. 'रं' आणि 'व्हय' पेरले म्हणून बोली होत नाही. ती या कामाच्या शब्दांत असते. आपल्या ग्रामीण लेखनात हे शब्द अजून फार थोडे आलेत, याची मला खंत वाटते.

तिकडे कसमादे, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा पट्ट्यात बोली अहिराणी. सटाण्याच्या डॉ. सुधीर देवरे यांनी अहिराणीत 'ढोल' नियतकालिक चालवलं, तिच्या लोकवाङ्मयावर निष्ठेने काम केलं. त्यामुळे घरात आणि बांधावर बोलली जाणारी भाषा छापून आली. याच पट्ट्यात डाळिंबावर तेल्या रोग आला आणि पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या बागा लोकांनी आपल्या हातांनी तोडल्या. त्या शेतकऱ्याची कादंबरी मला अहिराणीत वाचायची आहे, निवेदनासकट.